तालाचे सगुण आणि निर्गुण

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा दिवस उजाडला की महाराष्ट्रातील गल्लीबोळ नादाने भरून जातात. घराघरांतून टाळ-झांजांच्या साथीने आरती उमटते, रस्त्यावर ढोल-ताशांचे पथक घुमू लागते, आणि या दोहोंच्या जोडीला मंडपातील ध्वनिवर्धकातून तिसराच एक ठेका ऐकू येतो. पहिल्या दोन नादांचे उगमस्थान डोळ्यांना दिसते. तेथे हात दिसतो, चामडे दिसते, पितळ दिसते. तिसऱ्याचे उगमस्थान मात्र दिसत नाही. पूर्वी तेही दिसत असे. मंडळाच्या वाद्यवृंदात ऑक्टोपॅड नावाचे, आठ चौकोनी गाद्यांचे यंत्र उभे असे आणि वादक त्यावर काठ्यांनी आघात करीत असे. आज तो ठेका पुष्कळदा कुठल्याशा लहान खोलीत, संगणकाच्या पडद्यासमोर, उत्सवाच्या कित्येक आठवडे आधी सिद्ध झालेला असतो.

या स्थित्यंतराने अनेक कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा केला आहे. संगीताची आवड असलेला मुलगा म्हणतो, "हे यंत्र विकून टाकू या. आता सारे संगणकावर होते." आईवडिलांच्या मनात येते की, पोटाला चिमटा घेऊन घेतलेली वस्तू विकायची आणि तिच्या जागी जे दिसत नाही, ज्याला हात लावता येत नाही, ते घ्यायचे, हा व्यवहार तरी कसला? वरवर पाहता हा प्रश्न खरेदी-विक्रीचा आहे. वास्तविक तो त्याहून खोल आहे, आणि त्याचा विचार करण्यास योग्य असे शब्द आपल्या परंपरेत आहेत. यंत्र हे तालाचे सगुण रूप होय, आणि ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात ती आज्ञावली हे त्याचे निर्गुण रूप होय. सगुणाकडून निर्गुणाकडे जाताना काय बरोबर न्यावे आणि काय मागे राहू द्यावे, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे. कीर्तनाच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वरंगात सिद्धान्त पाहू, मग उत्तररंगात आख्यान.

पूर्वरंग : सोळा कळांची पेटी

ताल वाजवणाऱ्या विद्युत्-यंत्रांच्या इतिहासात १९८० हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांनी 'एलएम-१' हे यंत्र बाजारात आणले. खऱ्या ड्रमवरील आघात ध्वनिमुद्रित करून, त्यांचे आकड्यांत रूपांतर करून, ते त्यांनी यंत्राच्या स्मृतीत साठवले होते. त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीने 'टीआर-८०८' हे यंत्र काढले. याची जात निराळी होती. त्यात खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रण नव्हते. विजेच्या मंडलांतूनच प्रत्येक आवाज नव्याने निर्माण होई, आणि तो खऱ्या ड्रमसारखा मुळीच वाटत नसे. सुमारे १२,००० नग तयार झाल्यावर १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी ही पेटी अमेरिकेतील होतकरू तरुणांच्या हाती पडली आणि तिच्या त्या 'खोट्या' आवाजानेच पुढील पिढ्यांच्या संगीताचा पाया घातला.

या पेटीच्या खालच्या कडेला सोळा कळांची एक रांग आहे. चार तांबड्या, चार नारिंगी, चार पिवळ्या, चार पांढऱ्या. आपल्या वाचकांना चार-चार मात्रांचे चार विभाग असलेला त्रिताल आठवल्यावाचून राहणार नाही. पाश्चात्त्यांच्या हिशेबात या सोळा कळा म्हणजे चार ठोक्यांचे सोळा तुकडे. पण मांडणी पाहता दोघांचे नाते उघड आहे. जी कळ दाबली तेथे आघात होतो, जी दाबली नाही तेथे होत नाही. बस्स, एवढेच. तथापि या 'एवढ्या'तून काय निघते ते पाहावे. दोन अवस्थांच्या सोळा कळांतून एका वाद्याचे ६५,५३६ आकृतिबंध होतात. दोन वाद्ये एकत्र घेतली तर ही संख्या ४२९ कोटींवर जाते. प्रत्येक आकृतिबंध केवळ दहा सेकंद ऐकायचा म्हटले तरी अहोरात्र बसून सुमारे तेराशे साठ वर्षे लागतील.

ही गणना आपल्याला परकी नाही. लघु आणि गुरू या दोन चिन्हांनी होणारे सर्व वृत्तप्रकार क्रमवार मांडण्याची रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. तिला 'प्रस्तार' म्हणतात. तालाच्या क्षेत्रात हीच रीत अधिक विस्ताराने मांडली ती आपल्याच भूमीत, देवगिरीस. तेराव्या शतकात यादवराजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, आणि दरबारातील त्याचे काम हिशेबखात्याच्या प्रमुखाचे. हिशेबनिसाने तालाचा ग्रंथ लिहावा हा केवळ योगायोग वाटत नाही. त्याच्या तालाध्यायात द्रुत, लघू, गुरू आणि प्लुत अशी चार मापे आहेत. द्रुत एक धरला तर लघू दोन, गुरू चार आणि प्लुत सहा. एका गुरूच्या कालावधीत या मापांच्या किती रचना बसतात? सहा. एका प्लुतात? एकोणीस. हाच नियम पुढे चालवला तर सोळा द्रुतांच्या कालावधीत ६,२३६ रचना होतात.

एवढ्यावर शास्त्र थांबत नाही. रचनेचा केवळ क्रमांक सांगितला असता ती रचना हुडकून काढणे यास 'नष्ट' म्हणतात, आणि रचना समोर ठेवली असता तिचा क्रमांक सांगणे यास 'उद्दिष्ट' म्हणतात. आजची आज्ञावली ठेक्यांना क्रमांक देऊन साठवते आणि क्रमांक सांगताच तो ठेका पुढे करते, तेव्हा ती याच वाटेने चाललेली असते. म्हणजे तालाचे एक रूप मुळातच संख्यारूप, निराकार आहे. ते पेटीत कोंडलेले नव्हते आणि पेटी गेली म्हणून ते जाणारही नाही. आईवडिलांच्या शंकेचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

उरलेले अर्धे उत्तर 'ताल' या शब्दातच आहे. शार्ङ्गदेवाने तो 'तल्' या प्रतिष्ठावाचक धातूपासून साधला आहे. ज्यावर गीत, वाद्य आणि नृत्य प्रतिष्ठित होतात तो ताल. पण तल म्हणजे हाताचा तळवाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून ताल हा हाताच्या क्रियांनी दाखवला जातो, आणि त्या क्रिया दोन प्रकारच्या आहेत, सशब्द आणि निःशब्द. टाळी ही सशब्द क्रिया. हात नुसताच बाजूला नेणे, आत घेणे, उलटा करणे या निःशब्द क्रिया. ध्यानात घ्यावे की, जेथे आवाज नाही तेथेही क्रिया आहे. आपण ज्याला 'खाली' म्हणतो ती रिकामी जागा नव्हे. ती हाताने भरलेली शांतता आहे. पेटीवर न दाबलेली कळ आणि पडद्यावरील कोरा चौकोन यांना ही गोष्ट ठाऊक नाही. ती ठाऊक असते माणसाला.

उत्तररंग : मुंबईचे एक आख्यान

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतात काम करणारे एक वादक. बेस गिटार आणि सिंथेसायझर ही त्यांची वाद्ये. रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांच्याकडे आली. ठेक्यासाठी टीआर-८०८, खालच्या पट्टीच्या स्वरांसाठी टीबी-३०३, आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८. या तिन्हींच्या आधारे १९८२ मध्ये त्यांनी भैरव, ललित, यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक ध्वनिमुद्रिका केली. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे तिचे नाव. त्या काळी तिची फारशी दखल कुणी घेतली नाही.

१९८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरी काही तरुणांनी त्याच टीबी-३०३ यंत्रातून एक सरकता, चिरका आवाज काढला आणि त्यातून 'ॲसिड हाउस' नावाचा संगीतप्रकार जगभर पसरला. पुढे २०१० मध्ये चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोते थक्क झाले. शिकागोत जे घडले त्याच्याशी विलक्षण साम्य असलेले काही पाच वर्षे आधीच मुंबईत वाजून गेले होते. उतारवयात त्यांना युरोपातील श्रोत्यांसमोर ते पुन्हा वाजवण्याचा योग आला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या आख्यानाचे तात्पर्य काय? यंत्रे तीच होती. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. तिच्यात ज्यास मींडेची आठवण झाली, त्याच्या कानात राग आधीच वस्तीला होता. पेटीला राग येत नव्हता. पेटीची क्षमताही थोडी होती. सोळा कळा आणि मोजके आवाज. त्या थोडक्या सामग्रीशी झुंजताना कलावंताला स्वतःची सारी विद्या पणास लावावी लागली. मर्यादा ही येथे अडचण न राहता गुरू झाली.

निर्गुणाचा उदय

१९८३ मध्ये एक अशी गोष्ट घडली की जिच्यावाचून पुढचे काहीच झाले नसते. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ हे खरे तर एकमेकांचे व्यापारी प्रतिस्पर्धी. तरी दोघांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकतील अशी एक सामाईक भाषा ठरली. तिचे नाव 'मिडी'. या भाषेत आवाज पाठवला जात नाही. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने, एवढी आज्ञाच तेवढी पाठवली जाते. जोराचे माप शून्य ते १२७ असे १२८ पायऱ्यांचे असते. या कार्याबद्दल दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला.

आज्ञा आवाजापासून वेगळी झाली, आणि निर्गुणाचे दार उघडले. १९८५ च्या अटारी एसटी या संगणकास मिडीची जोडणी जन्मतःच होती. १९८९ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने त्यावर 'क्युबेस' ही आज्ञावली आणली. १९९६ मध्ये त्याच कंपनीने 'व्हीएसटी' नावाची पद्धत रूढ केली, आणि मग वाद्येच संगणकाच्या आत राहावयास आली. १९९७ मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने 'रीबर्थ' ही आज्ञावली काढून टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या जुन्या पेट्यांना संगणकात पुनर्जन्म दिला. त्याच सुमारास बेल्जियममध्ये 'फ्रूटीलूप्स' जन्मास आली. तीच आजची 'एफएल स्टुडिओ'. २००१ मध्ये बर्लिनहून 'एबलटन लाइव्ह' आली.

येथे एक मौज सांगावीशी वाटते. निराकाराची उपासना कठीण म्हणून भक्त शेवटी मूर्ती करतातच. या आज्ञावलींचेही तसेच झाले. फ्रूटीलूप्सच्या पडद्यावर पुन्हा सोळा कळांची रांग आली. प्रोपेलरहेडच्या 'रीझन' या आज्ञावलीत तर पडद्यावर यंत्रांची चित्रे एकावर एक रचलेली असतात, आणि एक कळ दाबली की सारी मांडणी पाठ फिरवते व मागच्या तारा हलताना दिसतात. त्या तारांतून वीज वाहत नाही. तरीही मनाला आधार लागतो तो असा.

लाभ आणि हानी

लाभ मोठा आहे, तो नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. ज्या पेट्या मिळवण्यासाठी पूर्वी परदेशी जाणाऱ्या नातलगाची वाट पाहावी लागे, त्यांचे आवाज आज साध्या संगणकावर निघतात. चूक झाली तर पुसता येते. रूपकाच्या सात मात्रा, झपतालाच्या दहा, एकतालाच्या बारा, हवी तेवढी आवर्तनाची लांबी ठेवता येते. सोळाच्या चौकटीत आपला ताल कोंबावा लागत नाही. खेड्यातील मुलगीही शहरातील ध्वनिमुद्रणगृहाची पायरी न चढता आपली रचना पूर्ण करू शकते.

हानी तीन प्रकारची आहे. पहिली हाताची. काठीचा आघात गादीवर पडला की ऑक्टोपॅड तत्काळ बोलतो. संगणक मात्र आवाजाचे आकडे ओंजळी-ओंजळीने पुढे सरकवतो. सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि ओंजळ १,०२४ आकड्यांची असेल तर एका ओंजळीपोटीच सेकंदाचा सुमारे तेविसावा सहस्रांश नव्हे, तर तेवीस सहस्रांश विलंब होतो. ऐकणाऱ्यास तो कळणार नाही, वाजवणाऱ्याच्या हाताला मात्र खटकतो. ओंजळ २५६ आकड्यांवर आणली की विलंब सहा सहस्रांशांच्या आत येतो आणि हात पुन्हा निश्चिंत होतो. मंद संगणकास मात्र ती धावपळ झेपत नाही आणि आवाज तुटू लागतो.

दुसरी हानी मर्यादेची. पेटीत मोजके आवाज होते, म्हणून माणूस वाजवू लागे. पडद्यावर हजारो आवाज असतात, म्हणून माणूस निवडतच बसतो. आम्हा कीर्तनकारांचा अनुभव याहून निराळा नाही. बंगळूरचे जी. राज नारायण यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी सत्तरीच्या दशकाअखेरीपासून विजेवर चालणारा तंबोरा घडवला आणि ती लहानशी पेटी घरोघरी पोहोचली. आता तिची जागा फोनवरील ॲप घेत आहे. ॲपचा सूर उत्तम असतो, यात वाद नाही. पण पेटीचा खटका निरूपण चालू असता न पाहताही फिरवता येई, आणि पेटी दुसरे काहीच करीत नसे. फोनला मात्र ऐन रंगात कुणाचा तरी निरोप येतो. एकनिष्ठता हा पेटीचा गुण होता.

तिसरी हानी टिकाऊपणाची, आणि ती सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. निराकार ते अविनाशी, असा आपला समज असतो. संगणकाच्या जगात नेमके उलट घडते. १९८० ची टीआर-८०८ पेटी आजही कुशल कारागिराकडून दुरुस्त होऊन वाजते. तिला पुनर्जन्म देणारी 'रीबर्थ' मात्र २००५ मध्ये बंद करण्यात आली. पुढे २०१० मध्ये ती आयपॅडवर परतली, आणि २०१७ मध्ये मूळ यंत्रांच्या हक्कावरून रोलँडने हरकत घेतल्यावर तेथूनही काढून घेतली गेली. देह उरला आणि पुनर्जन्म सरला! ज्या तरुणांनी आपल्या रचना केवळ त्या आज्ञावलीच्या स्वाधीन केल्या असतील, त्यांच्या हाती पुढे काय राहणार?

विवेक

शार्ङ्गदेवाच्या दुसऱ्या अध्यायाचे नाव 'रागविवेक' असे आहे. संख्या अनंत असते, विवेक तिला अर्थ देतो. पेटीकडून पडद्याकडे जाऊ पाहणाऱ्या घरांसाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, हात सोडू नये. ऑक्टोपॅडचा जन्म १९८५ चा, आणि त्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तो केवळ हाताचा आघात ओळखून मिडीच्या भाषेत आज्ञा पाठवी आणि आवाज दुसरेच यंत्र देई. मिडीची ती भाषा आजही जिवंत आहे. म्हणून घरातील ऑक्टोपॅड संगणकास जोडावा. नाद आज्ञावलीने द्यावा, आघात माणसाने करावा. उंदराच्या टिचकीने चौकोन भरण्यात आणि काठीने ठेका वाजवण्यात जे अंतर आहे, ते त्या १२८ पायऱ्यांत स्पष्ट उमटते. टिचकीचे सारे आघात एकाच पायरीवर उभे राहतात, हाताचे आघात मात्र चढतात, उतरतात, श्वास घेतात.

दुसरी, मर्यादा स्वतः घालून घ्यावी. एका रचनेस आठ आवाज, एक ताल, एक महिना. जो नियम पूर्वी पेटी लादत असे तो आता व्रतासारखा आपण पाळावयाचा आहे.

तिसरी, रचना पूर्ण होताच प्रत्येक वाद्याचा आवाज वेगवेगळा, साध्या ध्वनिफितीच्या रूपात काढून दोन ठिकाणी जपावा, आणि ठेक्याचे बोल वहीत लिहून ठेवावेत. आज्ञावली गेली तरी ध्वनी राहील. ध्वनी गेला तरी वही राहील. देवगिरीचे राज्य गेले, ग्रंथ मात्र राहिला, तो याच न्यायाने.

चौथी, साथीदाराची जागा यंत्राला देऊ नये, मग ते यंत्र पेटीतले असो वा पडद्यावरचे. रियाजास ते उत्तम. आठ मात्रांचा भजनी ठेका ते तासन् तास न थकता देईल. पण गाणाऱ्याचा कंठ दाटून आला, एखाद्या शब्दावर तो थबकला, तर पखवाजी त्याच्यासाठी थांबतो आणि त्याला समेवर हलकेच उतरवतो. यंत्राने ताल सांभाळला, तरी माणसाला सांभाळणे त्याला साधत नाही. ज्या मंडळांनी खर्च वाचवण्यासाठी पखवाजीला निरोप दिला, त्यांनी केवळ एक वादक कमी केला असे नव्हे. आपले गाणे ऐकणारा मंचावरचा एकमेव माणूस त्यांनी घालवला.

तेव्हा मुलाने संगणकावर संगीत करावयाचे म्हटले, तर आईवडिलांनी आनंदाने अनुमती द्यावी. त्यात परंपरेचा भंग नाही. संख्यारूप ताल आपल्या शास्त्राला सातशे वर्षांपूर्वीच ठाऊक होता. मात्र ऑक्टोपॅड विकू नये. आणि पडद्यावर ठेका मांडण्यापूर्वी मुलाला इतकेच सांगावे, की आधी तो हाताने धरून दाखव. टाळी कुठे आहे ते कुणालाही दिसते. खाली कुठे आहे ते तुझ्या हाताला कळले, म्हणजे मग खुशाल यंत्राला सांग.